ओझ्याबरोबर चालत गेलेली भाषा



नाशिकसारख्या गावी इतिहासावर बोलण्यासाठी मला बोलावणे आले तेव्हा प्रथम मी नकारच कळवला होता. माझी शाळा सातवीत सुटली. पुढे वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटातले, आणि ते कपाट भरणाराही माझ्यासारखाच कोणी असावा. त्यात व्याकरणाशेजारी जहाजबांधणी आणि संतचरित्राशेजारी रशियाची क्रांती होती. असल्या वाचनाला शिस्त नसते. पण गोदीत तीस वर्षे काढल्यावर एका भाषेविषयी मला जे कळले, ते विद्वानांच्या ग्रंथांतून आहे खरे, पण मनात भरले ते निराळ्याच वाटेने. ती वाट प्रथम सांगतो.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मुंबई बंदराबाहेर एक मालवाहू जहाज नांगरून पडले होते. मालक नाहीसा झाला होता. खलाशांना सात महिने पगार नव्हता, आणि पाणीसुद्धा आम्ही मचव्याने पोचवत होतो. त्यांच्यात एकजण टांगा बंदराचा होता. (टांगा हे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील गाव आहे, आपल्या स्टेशनाबाहेर उभा राहत असे तो नव्हे.) त्याचे इंग्रजी माझ्याइतकेच, म्हणजे बेताचे. तो मला ‘न्दुगू’ म्हणे. न्दुगू म्हणजे भाऊ. आणि बोलता बोलता छातीवर हात ठेवून पुन्हा पुन्हा एकच शब्द उच्चारी : ‘म्शाहारा, म्शाहारा’. मी चमकलो. माझे आजोबा संस्थानच्या पागेत नोकरीला होते. ते पगार हा शब्द कधी वापरीत नसत. ते म्हणत ‘मुशाहिरा’.

शब्द एकच आहे. अरबीत ‘शहर’ म्हणजे महिना, आणि दरमहा द्यायचे ते मुशाहिरा. एका बाजूने तो फारसी दरबारांतून आमच्या दप्तरांत आला, दुसऱ्या बाजूने अरबांच्या गलबतांतून आफ्रिकेला गेला. आणि कित्येक शतकांनी मुंबईच्या पाण्यात, बुडवलेल्या पगाराच्या निमित्ताने दोघांची गाठ पडली. त्या दिवसापासून मी स्वाहिली भाषेच्या मागे लागलो. ती मला बोलता येत नाही, पण ती कोठून कोठे गेली आणि कोणी नेली, एवढे आज सांगणार आहे.

स्वाहिली हे नावच मुळी अरबी ‘सवाहिल’ यापासून, म्हणजे किनारे यापासून पडले आहे. सोमालियाच्या दक्षिणेकडील बरावा गावापासून मोझांबिकच्या उत्तर टोकापर्यंतचा अरुंद किनारा आणि लामू, मोंबासा, पेंबा, झांजिबार, माफिया, किल्वा ही बेटे, एवढेच तिचे मूळ घर. भाषेचे नाव त्या लोकांच्या तोंडी ‘किस्वाहिली’. त्यात अरबी शब्द विपुल असल्यामुळे ती अरबीची मुलगी आहे, असा समज पुष्कळांचा होता आणि अजून आहे. तो चुकीचा आहे. मराठीत फारसी शब्द खच्चून भरले म्हणून मराठी काही इराणी होत नाही. स्वाहिलीचा सांगाडा आफ्रिकेच्या बांटू भाषांचा आहे. तेथे शब्दाचे अनेकवचन शेवटी होत नाही, तोंडाशी होते. ‘म्तू’ म्हणजे माणूस, ‘वातू’ म्हणजे माणसे. ‘किती’ म्हणजे खुर्ची, ‘विती’ म्हणजे खुर्च्या. आता गंमत पाहा. अरबी ‘किताब’ तेथे गेला, त्याचा ‘किताबू’ झाला, आणि लोकांना त्यातला ‘कि’ आपलाच वाटला. झाले, अनेक पुस्तके म्हणजे ‘विताबू’! परका शब्द घरात घ्यायचा आणि त्याला घरचेच नियम लावायचे, हा त्या भाषेचा खाक्या आहे. माझ्या त्या खलाशाचा म्शाहाराही याच रीतीने चालतो. एकाहून अधिक महिन्यांचे पगार झाले की ‘मिशाहारा’.

हा किनारा जुना आहे. मोसमी वाऱ्यावर अरबस्तान, इराण आणि आपला पश्चिम किनारा येथून गलबते तेथे जात; सोने, हस्तिदंत, लाकूड आणि गुलाम घेऊन परतत. इब्न बतूता १३३१ साली किल्व्यास उतरला होता, आणि त्याने त्या नगराची तारीफ केली आहे. १४९८ साली वास्को द गामा मालिंदीस पोचला, तेथून वाटाड्या घेऊन कालिकतला आला, आणि पुढे पोर्तुगिजांनी हा सारा किनारा गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली आणला. मोंबाशाचा जीझस किल्ला १५९३ मध्ये बांधायला घेतला आणि १६९८ मध्ये ओमानच्या अरबांनी तो जिंकला. या राज्यकारभारामुळे एक विलक्षण गोष्ट घडली आहे. स्वाहिली भाषेतील आजवर उजेडात आलेली सर्वांत जुनी कागदपत्रे आफ्रिकेत नाहीत. ती गोव्याच्या पुराभिलेखागारात आहेत. १७११ च्या सुमारास किल्व्यात अरबी लिपीत लिहिलेली ती पत्रे मोझांबिकच्या पोर्तुगिजांकडे आणि त्यांच्या दोस्तांकडे गेली होती. ज्या भाषेला पुढे कोट्यवधी लोकांनी आपली म्हटले, तिचे सर्वांत जुने कागद पणजीत सांभाळलेले असावेत, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक होते? मला तरी नव्हते.

परंतु एवढ्याने ती किनाऱ्याचीच भाषा राहिली असती. किनाऱ्यावरून आत, हजार-बाराशे किलोमीटर आत, तिला कोणी नेले? राजांनी नेले नाही. पंडितांनी तर नाहीच. तिला हमालांनी नेले.

मस्कतचा सुलतान सय्यद सैद याने १८४० च्या सुमारास आपली गादी झांजिबारला हलवली. लवंगांच्या बागा लावल्या, आणि आतल्या मुलखातील हस्तिदंताचा व गुलामांचा व्यापार अफाट वाढवला. त्या मुलखात एक अडचण होती. त्सेत्से माशीच्या रोगाने बैल, घोडा, उंट काहीच टिकत नसे. तेव्हा माल वाहायचा तो माणसाच्या डोक्याखांद्यावरून. बागामोयो बंदरातून निघालेला तांडा ताबोऱ्यावरून टांगानिका सरोवराकाठच्या उजीजीपर्यंत जाई. जायलाच काही महिने लागत. प्रत्येकाच्या अंगावर तीस-पस्तीस किलो ओझे : जाताना कापड, मणी, तांब्याची तार, येताना हस्तिदंत. हे ओझेवाले बहुतेक आतल्या प्रदेशातील न्यामवेझी लोक. ते गुलाम नव्हते, मजुरीवर येत. त्यांच्या रोजच्या शिध्याला ‘पोशो’ म्हणत, आणि पोशो कमी पडला की तांडा जागच्या जागी बसे. युरोपी प्रवाशांनी आपल्या वह्यांत या ओझेवाल्यांना आळशी, बेइमान, पळपुटे म्हटले आहे. ती पाने वाचताना मला आमच्या मालकांचे जुने खलिते आठवतात. मजुरीचा करार मोडला, शिधा अर्धा केला आणि माणसे ओझी टाकून निघून गेली, तर त्याला आम्ही पळपुटेपणा म्हणत नाही. आमच्याकडे त्याला निराळे नाव आहे.

या तांड्यात दहा जातीची दहा भाषा बोलणारी माणसे एका रांगेत चालत. ओझे उचला, थांबा, पाणी पुढे आहे, आज पोशो किती, हे सगळे स्वाहिलीत. महिनोन्‌महिने असे चालल्यावर न्यामवेझी गडी घरी परते तेव्हा कापडाबरोबर भाषाही घेऊन परते. त्या भाषेला आतल्या मुलखात मान होता. किनाऱ्यावरच्या कुलीन माणसाला ‘म्उंग्वाना’ म्हणत. आणि किनाऱ्यावरून तांड्याबरोबर आलेला साधा हमाल, मग तो स्वतः गुलाम का असेना, आतल्या गावात शिरला की छाती पुढे काढून आपण म्उंग्वाना असल्याचे सांगे. पूर्व काँगोतल्या स्वाहिलीला ‘किंग्वाना’ हे नाव त्यावरूनच मिळाले.

येथे एक गोष्ट झाकून ठेवता कामा नये. याच वाटांनी गुलामांच्या साखळ्याही किनाऱ्याकडे येत. बेड्या घालणाराची भाषा स्वाहिली, आणि बेडीतल्या माणसाला शेजारच्या बेडीतल्याशी बोलायला मिळालेली भाषाही स्वाहिलीच. टिपू टिप या नावाने गाजलेला हमीद बिन मुहम्मद हा हस्तिदंताचा व गुलामांचा बडा व्यापारी. त्याने आपले चरित्र लिहिले तेही स्वाहिलीत. आणि या व्यापाराला भांडवल कोणाचे? झांजिबारच्या जकातीचा मक्ता अनेक वर्षे जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता. हिंदी सावकारांचा पैसा त्या साऱ्या व्यवहारात फिरत होता. आपण आफ्रिकेत फक्त रेल्वे बांधायला गेलो, असे सांगणारांनी हेही सांगत जावे.

याच काळातला एक माणूस मला फार जवळचा वाटतो. त्याचे नाव सिदी मुबारक बाँबे. यावो जमातीतला हा मुलगा लहानपणी गुलाम म्हणून पकडला गेला, हिंदी व्यापाऱ्याला विकला गेला आणि हिंदुस्थानात आला. धनी मेल्यावर मुक्त होऊन तो झांजिबारला परत गेला. येताना आडनावासारखे मुंबईचे नाव घेऊन गेला. १८५७ साली बर्टन आणि स्पीक हे इंग्रज मोठ्या सरोवरांच्या शोधात निघाले तेव्हा हा त्यांच्याबरोबर होता. स्पीकला स्वाहिली येत नव्हती. तो बाँबेशी हिंदुस्थानीत बोले, बाँबे ते स्वाहिलीत सांगे, आणि पुढे आणखी कोणी ते गावच्या भाषेत. सरोवरांचे ‘शोध’ लागले ते असे. पुढे स्टॅन्ले आणि कॅमेरॉन यांच्या तांड्यांतही तो होता.

आणि नाशिककरांनो, आता तुमच्या गावची गोष्ट. आपण बसलो आहोत तेथून शरणपूर पायी जाण्याच्या अंतरावर आहे. गेल्याच्या मागच्या शतकात तेथे मिशनऱ्यांची वसाहत होती, आणि इंग्रजांच्या युद्धनौकांनी गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले तेथे ठेवली जात. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणे-वाचणे शिकवले जाई. १८६६ च्या आरंभी मुंबईहून निघताना लिव्हिंग्स्टनने यांतले नऊ तरुण बरोबर घेतले. १८७३ च्या मे महिन्यात तो आफ्रिकेच्या आत मरण पावला. त्याच्या माणसांनी, सूसी आणि चूमा यांच्या पुढाकाराने, त्याचे प्रेत मिठात आणि उन्हात सुकवून, गुंडाळून, खांद्यावरून किनाऱ्यापर्यंत आणले. नऊ महिने लागले. त्यांतला जेकब वेनराइट हा नाशिकचा विद्यार्थी. अंत्यविधीचे पाठ त्याने वाचले, झाडावर अक्षरे कोरली ती त्याने, आणि लंडनपर्यंत शवपेटीबरोबर गेला तोही तोच. पुढे १८७५ च्या सुमारास नाशिकला राहिलेले बरेच आफ्रिकी मोंबाशासमोर वसवलेल्या फ्रेरटाउन या वस्तीत परत गेले. तिचे नावही मुंबईच्या माजी गव्हर्नरचे. तेथे त्यांना ‘बाँबे आफ्रिकन्स’ म्हणत. त्यांतले कित्येक मास्तर आणि धर्मोपदेशक झाले.

नंतर गोरे सरकार आले. जर्मनांनी टांगानिका घेतला. त्यांना थोड्या माणसांत मोठा मुलूख चालवायचा होता, म्हणून किनाऱ्यावरचे स्वाहिली बोलणारे कारकून आणि अंमलदार आत पाठवले, स्वाहिली शाळा काढल्या आणि पुढे लिपी अरबीची रोमन केली. त्यांची गणना साधी होती : हुकूम एका भाषेत द्यायचा, तो सगळ्यांना कळावा. पण हुकूम देण्याची भाषा हुकूम मोडायलाही उपयोगी पडते. सक्तीच्या कापूसलागवडीविरुद्ध १९०५ साली दक्षिणेकडील अनेक जमाती एकत्र उठल्या. गोळीचे पाणी होईल अशा मंतरलेल्या पाण्यावर त्यांची श्रद्धा होती, म्हणून त्या बंडाचे नाव ‘माजी माजी’. माजी म्हणजे पाणी, आणि शब्द स्वाहिली. जर्मनांनी पिके जाळून ते बंड मोडले. मेलेल्यांत दुष्काळाने मेलेले अधिक. कमीत कमी अंदाज पाऊण लाखाचा आहे, काही तीन लाखांपर्यंत जातात.

पहिल्या महायुद्धात तर ओझेवाल्यांचा कडेलोट झाला. इंग्रजांनी लाखो माणसे सैन्याचे सामान वाहायला धरून नेली. त्यांतली इतिहासकारांच्या अंदाजाने लाखाच्या आसपास माणसे रोगाने आणि उपासमारीने गेली. त्या दलाचे इंग्रजी नाव ‘कॅरियर कोअर’. दार-एस-सलाममधल्या आजच्या गजबजलेल्या बाजारपेठेला ‘कारियाको’ म्हणतात. तो शब्द तोच आहे. तेथे त्या हमालांची छावणी होती. मेलेल्यांची नावे फारशी कोठे लिहिलेली नाहीत, पण भाषेने छावणीचे नाव राखले. दुसऱ्या महायुद्धात हीच भाषा शिपायांबरोबर ब्रह्मदेशाच्या जंगलात पोचली. १९४४ मध्ये तेथे पूर्व आफ्रिकेची एक सबंध डिव्हिजन लढत होती.

केनियात गोऱ्या मळेवाल्यांनी आपल्यापुरती एक मोडकी स्वाहिली केली होती; तिला लोक ‘किसेत्ला’ म्हणत, म्हणजे सेटलरांची भाषा. तिच्यात आज्ञार्थाखेरीज दुसरा अर्थ क्वचितच भेटे. आण, ने, लवकर कर, चालता हो. विद्वान मंडळींनी दरम्यान झांजिबार शहराची बोली प्रमाण ठरवली आणि १९३० मध्ये तिच्यासाठी समिती नेमली. मोंबाशाच्या बोलीत शतकांचे काव्य होते, तिचे अभिमानी रुष्ट झाले. तो वाद आपल्याला नवा नाही. पुण्याची की वऱ्हाडची, हे आपल्यालाही विचारता येईल. मी त्यात शिरत नाही.

रेल्वेचाही उल्लेख केला पाहिजे. १८९६ ते १९०१ या काळात मोंबाशापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग झाला. त्यासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे बत्तीस हजार गिरमिटिये नेले. जवळजवळ अडीच हजार तेथेच मेले. त्यांच्या आणि गुजराती दुकानदारांच्या तोंडचे शब्द स्वाहिलीत आजही आहेत. ‘गारी’ म्हणजे गाडी, ‘पेसा’ म्हणजे पैसा, ‘लाकी’ म्हणजे लाख, ‘गुनिया’ म्हणजे गोणी, ‘बिमा’ म्हणजे विमा, आणि ताटात ‘काचुंबारी’. सरकारला ‘सेरिकाली’. केनियाच्या राजचिन्हावर ‘हराम्बे’ हा शब्द आहे; जड ओझे एकदम ओढताना मजूर देतात तो हाकारा. पंजाबी मजुरांच्या ‘हर अंबे’पासून तो आला अशी एक गोष्ट मोठ्या हौसेने सांगतात. मला ती पटत नाही. पंजाबी मुसलमान आणि शीख मजूर अंबेचा गजर कशाला करतील? ओढताना ओरडायला आफ्रिकी हमालाला परक्याची शिकवणी लागली असेल, हे तर मुळीच पटत नाही.

आता मी माझ्या आवडीच्या जागी येतो. १९४७ साल, जानेवारीची १३ तारीख, मोंबासा. महायुद्धात भाव चढले होते, घरभाडी चढली होती, मजुरी तेथेच होती. त्या दिवशी सुमारे पंधरा हजार कामगारांनी काम थांबवले : गोदीवाले, रेल्वेवाले, हॉटेलांतले पोरे, घरगडी. बारा दिवस शहर बंद होते. हे लोक कोण? किनाऱ्यावरचे मिजिकेंदा, डोंगरातले किकुयू, सरोवराकाठचे लुओ, कांबा, तैता, शिवाय अरब. एकाचे दुसऱ्याला घरच्या भाषेत एक अक्षर कळले नसते. मालकांचा भरवसा त्यावरच होता. संपवाल्यांनी सभेच्या मैदानाला नाव दिले ‘किवांजा चा मास्किनी’, गरिबांचे पटांगण. आपल्या जुन्या लेखांतला मिस्कीन तो हाच. रोज तेथे सभा होई, आणि सभेची भाषा स्वाहिली. संपाला तिच्यात शब्दही होता : ‘म्गोमो’. या संपातून कामगारांचा जो संघ उभा राहिला, त्याचे पुढारी चेगे किबाचिया, मातृभाषेने किकुयू. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सरकारने त्यांना पकडून दूरच्या प्रदेशात हद्दपार केले. पण चौकशी न्यायमंडळ नेमावे लागले आणि मजुरीही वाढवावी लागली. सप्टेंबरात संपाची लाट टांगानिकात पोचली. दार-एस-सलामच्या गोदीत सुरुवात झाली आणि रेल्वेच्या रुळांवरून, म्हणजे जुन्या तांड्यांच्याच वाटेने, ती आत पसरली.

आमच्या संपांची गोष्ट निराळी नव्हे. कोकणातला गडी, तेलुगू गडी आणि उत्तरेचा भय्या यांना एका सभेत बसवायचे म्हणजे कोणती हिंदी बोलावी लागते, ते आम्हीच जाणतो. व्याकरणवाल्यांनी कानांत बोटे घालावीत अशी ती असते. पण तिच्यात ‘आम्ही’ हा शब्द म्हणता येतो. मळेवाल्यांच्या किसेत्लात तो नव्हता.

नैरोबीत मखनसिंग या पंजाबी गृहस्थांनी १९३५ मध्ये कामगार संघटना उभारली आणि तिचे दार सर्व वर्णांना उघडे ठेवले. १९५० च्या एप्रिलमध्ये त्यांनी जाहीर सभेत पूर्व आफ्रिकेच्या संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी केली. मे महिन्यात पकडले गेले ते १९६१ च्या ऑक्टोबरात सुटले. हिंदी माणसाच्या नावे आफ्रिकेत बेपारी पुष्कळ निघाले. हा एक तुरुंगातलाही निघाला, याचे मला समाधान आहे.

पश्चिमेला काँगोत कटांगाच्या तांब्याच्या खाणी. दहा दिशांचे मजूर, वर बेल्जियन साहेब. कामाची भाषा पुन्हा स्वाहिली. १९४१ च्या डिसेंबरात एलिझाबेथविल येथे, म्हणजे आजच्या लुबुंबाशीत, पटांगणात जमलेल्या संपवाल्यांवर शिपायांनी गोळ्या झाडल्या. या शहराचा एक इतिहास १९६५ साली स्वाहिलीत लिहिला गेला. लिहिणारे आंद्रे याव. आणि तो लिहवून घेणारी संस्था साहेबांच्या घरी काम केलेल्या जुन्या घरगड्यांची. सायक्लोस्टाइलवर काढलेले ते चोपडे. भांडी घासणाऱ्यांनी आणि स्वयंपाक्यांनी आपल्या शहराचा इतिहास आपल्या भाषेत लिहिला, असे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. विद्वानांनी पुढे ते छापले आणि त्यावर टिपा लिहिल्या, हे योग्यच झाले.

सगळीकडे मात्र असे स्वागत झाले नाही. युगांडात, विशेषतः बुगांडा राज्यात, स्वाहिली म्हणजे शिपायाची आणि पोलिसाची बोली, असा लोकांचा अनुभव. त्यात १९७३ मध्ये इदी अमीनने तिला राष्ट्रभाषा ठरवले. त्याच्या शिपायांच्या तोंडून ती ऐकलेल्यांना ती कशी आवडावी? २००५ मध्ये घटनेत दुसरी राजभाषा म्हणून ती आली, पण मनातली अढी जायला वेळ लागत आहे. भाषेचा दोष नाही; कोणत्या हाताने ती दारावर थाप मारते, हे लोक विसरत नाहीत.

टांगानिकात सव्वाशेच्या वर भाषा. १९५४ च्या ७ जुलैस तेथे ‘टानू’ हा पक्ष निघाला. त्याचे पुढारी ज्युलियस न्येरेरे झानाकी नावाच्या लहानशा जमातीतले. मोठ्या जमातीची भाषा लादली जात आहे, ही शंका घ्यायला कोणाला जागाच नव्हती. स्वाहिली कोणत्याही मोठ्या जमातीची नव्हती. न्येरेरे दुभाष्यावाचून देशभर सभा घेत फिरले. त्यांच्याबरोबरचे रशिदी कवावा हे कामगार महासंघाचे चिटणीस, पूर्वी स्वाहिली बोलपटातले नट! स्वातंत्र्य १९६१ मध्ये आले. न्येरेरे यांनी शेक्सपिअरची दोन नाटके स्वाहिलीत आणली. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’चे नाव ठेवले ‘माबेपारी वा व्हेनिसी’. बेपारी म्हणजे आपला व्यापारी. आणि भांडवलशाहीला स्वाहिलीत म्हणतात ‘उबेपारी’. आपल्या दुकानदारांनी तेथे कोणती कीर्ती मिळवली, ते या एका शब्दात आले.

न्येरेरे यांच्याविषयी मला आदर आहे, पण एक गोष्ट मी विसरू शकत नाही. १९६४ च्या आरंभी लष्करात बंड झाले, त्यानंतर कामगार पुढाऱ्यांची धरपकड झाली, स्वतंत्र महासंघ बरखास्त झाला आणि त्या जागी सरकारच्या तंत्राने चालणारा एकच संघ आला. त्याचा सरचिटणीस खुद्द मजूरमंत्री! त्या संघाचा कारभार शुद्ध स्वाहिलीत चाले. तेवढ्याने तो कामगारांचा झाला नाही.

मुंबईचा आणखी एक धागा येथेच सांगतो. झांजिबारची सिती बिंती साद ही गुलाम आईबापांची मुलगी, मडकी विकणारी. गळ्यावर नाव काढले आणि १९२८ साली ती मुंबईस आली, तबकड्या भरवण्यासाठी. मुंबईत भरलेल्या त्या स्वाहिली तबकड्या गलबतांतून परत जाऊन किनाऱ्यावरच्या चहाच्या दुकानांत वाजू लागल्या. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत झांजिबारची बोली समितीच्या आधी सिती घेऊन गेली होती.

आज ही भाषा कितीजण बोलतात? युनेस्को वीस कोटींहून अधिक म्हणते. दुसरे मोजणारे कमी सांगतात. मोजदाद बिकट आहे, कारण आईच्या तोंडून शिकलेले थोडे, रस्त्यावर, बाजारात आणि कामावर शिकलेले त्यांच्या अनेक पट. टांझानिया आणि केनिया, युगांडा, रवांडा, बुरुंडी, पूर्व काँगो, मोझांबिकचे उत्तर टोक. आणि १९६४ च्या झांजिबार क्रांतीनंतर परतलेल्या कुटुंबांमुळे मस्कतच्या घराघरांतूनही. २०२२ मध्ये आफ्रिकी संघाने तिला कामकाजाची भाषा केले, आणि युनेस्कोने तिचा जागतिक दिवस ठरवला तो ७ जुलै, टानूच्या जन्माचा दिवस.

मान पुष्कळ मिळाला. पण टांझानियात मूल सरकारी प्राथमिक शाळेत स्वाहिलीत शिकते आणि माध्यमिक शाळेच्या पहिल्या दिवशी गणित, विज्ञान सारे इंग्रजीत येऊन आदळते. पैसेवाल्यांची मुले आधीपासूनच इंग्रजी शाळेत असतात. त्यांचे काही बिघडत नाही. हमालाचे पोर वर्गात मुके बसते. न्येरेरे यांच्यापासून आजपर्यंत यावर समित्या झाल्या, धोरणे झाली, आणि दर वेळी ती वरच्या वर्गांशी येऊन थबकली. झांजिबारच्या अब्दुलरझाक गुर्ना यांना २०२१ चे नोबेल मिळाले. त्यांची मातृभाषा स्वाहिली, कादंबऱ्या इंग्रजीत. मी त्यांना दोष देत नाही. ते ज्या शाळेत शिकले तिथे साहित्याची भाषा कोणती होती, हे आपल्याला कळते.

त्याच २०२१ साली टांझानियाने कायदा बदलून न्यायालयांची भाषा स्वाहिली केली. तोवर खालच्या कोर्टात स्वाहिली चाले, पण वरच्या कोर्टातले निकालपत्र इंग्रजीत येई. कामावरून काढलेला माणूस अपिलात जिंकला की हरला, हे त्याला वकील सांगेल तेव्हा कळायचे. माझ्या टांग्याच्या खलाशाचा खटला येथे चालला होता, मुंबईत, इंग्रजीत. जहाज लिलावात निघाले आणि अकरा महिन्यांनी त्याच्या हातात पैसे पडले. हिशेबाचा कागद त्याने माझ्याकडून वाचवून घेतला, मी दुसऱ्याकडून. मग त्याने कागदाच्या मागच्या बाजूस बॉलपेनने स्वतःच्या भाषेत सगळे पुन्हा लिहून काढले, महिन्यागणिक, आणि तो कागद घडी करून खिशात ठेवला.